व्हिएन्नाच्या फलाटावरून दिसणारा युरोप

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. तेथील मुख्य रेल्वे स्थानकात संध्याकाळच्या सुमारास फलाटाच्या टोकाशी काही मंडळी उभी असतात. त्यांच्याजवळ सामान नसते आणि ती कोणाला निरोप द्यायलाही आलेली नसतात. गळ्यात कॅमेरा, हातात वही आणि नजर येणाऱ्या गाडीच्या दिशेने. गाडी थांबताच प्रवाशांची चढउतार सुरू होते, आणि ही मंडळी डब्यांच्या बाजूवरील आकडे टिपू लागतात. व्हिएन्नात फलाट तिकीट लागत नाही. कोणीही यावे, उभे राहावे, गाड्या पाहाव्यात.

या रेल्वेवेड्यांना नेहमीच्या, तासातासाला सुटणाऱ्या गाड्यांचे फारसे अप्रूप नसते. ते वाट पाहतात ती दूर देशातून आलेल्या एखाद्या गाडीची, किंवा दुसऱ्याच गाडीच्या शेपटाला जोडलेल्या एकट्यादुकट्या परक्या डब्याची. भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे दिब्रुगड ते कन्याकुमारी धावणारी विवेक एक्स्प्रेस चार हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापते. व्हिएन्नामार्गे धावणारी मॉस्को–नीस ही युरोपातील अत्यंत लांब पल्ल्याची गाडी सुमारे ३,३०० किलोमीटरची होती. म्हणजे प्रश्न अंतराचा नाही. विवेक एक्स्प्रेस एकाच देशात, एकाच रेल्वेच्या अखत्यारीत धावते. मॉस्को–नीस गाडीला रशिया, बेलारूस, पोलंड, चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया, इटली आणि फ्रान्स या सात देशांची संमती लागत असे. शिवाय ती चिमुकल्या मोनॅकोतूनही जाई. अशी गाडी फलाटावर उभी असणे याचा अर्थ, त्या दिवशी तरी या सर्व देशांचे एकमेकांशी जमले आहे.

नवे स्थानक, जुना सिंह

व्हिएन्ना शहराला पूर्वी एकच मुख्य स्थानक नव्हते. पश्चिमेकडील गाड्या एका स्थानकातून सुटत, तर दक्षिणेकडील व पूर्वेकडील गाड्या दुसऱ्या. ही सारी टर्मिनस पद्धतीची स्थानके होती. रूळ तेथे संपत. त्यातील दक्षिण स्थानक डिसेंबर २००९ मध्ये बंद करून पाडण्यात आले आणि त्या जागेवर नवे मुख्य स्थानक उभे राहिले. त्याचे औपचारिक उद्घाटन ऑक्टोबर २०१४ मध्ये झाले. या स्थानकातून रूळ आरपार जातात. त्यामुळे हंगेरीकडून आलेली गाडी इंजिनाची दिशा न बदलता जर्मनीकडे, तर चेक प्रजासत्ताकातून आलेली गाडी इटलीकडे निघू शकते. शिवाय स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथून अवघ्या साठ किलोमीटरवर आहे. पूर्व आणि पश्चिम युरोपातील गाड्या एकाच छताखाली पाहावयाच्या असतील, तर यापेक्षा सोयीची जागा क्वचितच सापडेल.

स्थानकाच्या दालनात दगडी बांधणीचा एक पंख असलेला सिंह ठेवला आहे. सेंट मार्कचा हा सिंह म्हणजे व्हेनिसचे चिन्ह. जुन्या दक्षिण स्थानकातून तो येथे आणला गेला. व्हेनिस १८६६ पर्यंत हाब्सबुर्ग साम्राज्यात होते आणि व्हिएन्नाची दक्षिण रेल्वे त्या दिशेला जात होती. राज्य गेले, सिंह राहिला. रेल्वेच्या वाटा आणि राज्यांच्या सीमा यांचे नाते किती जुने आहे, याची खूण म्हणून तो तेथे शोभतो.

बारा आकड्यांची ओळखपत्रे

रेल्वेवेडे वहीत टिपतात तो डब्यावरील बारा आकडी क्रमांक. युरोपातील प्रत्येक प्रवासी डब्याला असा क्रमांक असतो आणि तो वाचता आला की डब्याची कुळकथा कळते. पहिले दोन आकडे तो डबा कोणत्या प्रकारच्या वाहतुकीस योग्य आहे हे सांगतात. पुढचे दोन देशाचे: ८१ म्हणजे ऑस्ट्रिया, ८० जर्मनी, ५५ हंगेरी, ५३ रुमानिया, २० रशिया, २२ युक्रेन. त्यानंतरचे चार आकडे डब्याची रचना व वेगमर्यादा दर्शवतात, पुढचे तीन त्याचा अनुक्रम. शेवटचा बारावा आकडा केवळ पडताळणीसाठी असतो. आपल्या खिशातील क्रेडिट कार्डाच्या क्रमांकाची शहानिशा ज्या गणिती सूत्राने होते, त्याच सूत्राने हा आकडाही काढला जातो.

अशा प्रकारे, एरवी एकरंगी दिसणाऱ्या गाडीतील मधलाच एखादा डबा २२ क्रमांकाचा निघाला, की तो पाहणाऱ्याला कळते: हा कीव्हहून आला आहे. असे थेट डबे ही युरोपीय रेल्वेची जुनी रीत आहे. संपूर्ण गाडी भरण्याइतके प्रवासी नसतील, तर एक-दोन डबेच एका गाडीतून सोडवून दुसऱ्या गाडीला जोडायचे. प्रवासी आपल्या बर्थवर झोपलेला असतो आणि मध्यरात्री कुठल्याशा जंक्शनवर त्याच्या डब्याची गाडी बदलते. व्हिएन्ना आणि इन्सब्रुक येथून जर्मनी व नेदरलँड्सकडे निघालेल्या रात्रगाड्यांच्या जोडणी-तोडणीचा असा खेळ जर्मनीतील न्यूरेम्बर्ग स्थानकात मध्यरात्री चालत आला आहे.

८५ मिलिमीटरची दरी

मात्र कीव्ह किंवा मॉस्कोहून निघालेल्या डब्याला केवळ इंजिन बदलून भागत नाही. पश्चिम व मध्य युरोपातील बहुतांश देशांत दोन रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. रशिया, बेलारूस, युक्रेन आदी जुन्या सोव्हिएत संघातील देशांत ते १,५२० मिलिमीटर आहे. फरक केवळ ८५ मिलिमीटरचा, म्हणजे हाताच्या चार बोटांइतका. पण तेवढ्याने गाडी अडते. रूळ बदलले की गाडी बदलायची, हा अनुभव महाराष्ट्रातील जुन्या पिढीला नवा नाही. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यानंतर बंगळुरूकडे जाणाऱ्यांना कित्येक वर्षे मिरजेला उतरून मीटरगेजच्या गाडीत बसावे लागत असे.

पूर्व युरोपात यावर वेगळा तोडगा काढण्यात आला. बेलारूसच्या सीमेवरील ब्रेस्त किंवा युक्रेनच्या सीमेवरील चोप येथे डबे मोठ्या जॅकने प्रवाशांसह उचलले जातात. खालचे चाकांचे सांगाडे ओढून काढले जातात, दुसऱ्या मापाचे सांगाडे त्यांच्या जागी सरकवले जातात आणि डबा पुन्हा खाली टेकतो. आत प्रवासी चहा पीत असतात किंवा झोपलेले असतात. व्हिएन्नाच्या फलाटावर उभ्या असलेल्या युक्रेनी डब्याची चाके म्हणूनच कीव्हमधील नसतात. ती त्याला सीमेवर मिळालेली असतात.

वेगवेगळ्या देशांतील विजेचा प्रवाहही वेगवेगळा असतो. ऑस्ट्रिया व जर्मनीत ओव्हरहेड तारेतून १५ हजार व्होल्टचा, १६.७ हर्ट्झचा प्रवाह वाहतो. हंगेरीत २५ हजार व्होल्टचा, ५० हर्ट्झचा. पोलंड व इटलीच्या पारंपरिक मार्गांवर ३ हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह. मुंबईच्या उपनगरी पट्ट्यात १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता तेव्हा दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने आपल्याकडे होती. हा तसाच प्रकार, पण देशागणिक. ऑस्ट्रियाच्या ‘टॉरस’ इंजिनांपैकी १११६ या मालिकेची इंजिने दोन प्रकारच्या विजेवर चालतात आणि न थांबता हंगेरीत शिरतात. हे इंजिन गाडी हलवू लागते तेव्हा सप्तकातील चढत्या सुरांसारखा आवाज येतो. मोटारींना वीज पुरवणाऱ्या यंत्रणेची वारंवारिता टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने हा सूर उमटतो. फलाटावरील लहान मुलेही तो ऐकून मागे वळून पाहतात.

नाव राहते, गाडी जाते

या स्थानकातील गाड्यांच्या याद्या वर्षानुवर्षांच्या वह्यांतून चाळल्या, तर युरोपचा इतिहास वेगळ्या वाटेने वाचता येतो. ‘ओरिएंट एक्स्प्रेस’चेच उदाहरण घ्यावे. १८८३ मध्ये पॅरिसहून निघालेली ही गाडी व्हिएन्नामार्गेच पूर्वेकडे जात होती. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ च्या कादंबरीतील गाडी मात्र ‘सिंप्लॉन ओरिएंट एक्स्प्रेस’. ती इटलीमार्गे जाई, व्हिएन्नाला तिचा संबंध नव्हता. मूळ ओरिएंट एक्स्प्रेसचा मार्ग हळूहळू आखडत गेला. २००७ मध्ये पॅरिस ते पूर्व फ्रान्स हा अतिवेगवान मार्ग सुरू झाला, तेव्हा ती स्ट्रासबर्ग ते व्हिएन्ना एवढीच उरली. डिसेंबर २००९ मध्ये तीही बंद झाली. वेळापत्रकातून ते नाव गेले. आज त्या नावाने ज्या आलिशान सहली होतात, त्यांचा साध्या तिकिटाच्या प्रवाशाशी संबंध नाही.

मॉस्को ते व्हिएन्ना धावणारी ‘शोपाँ एक्स्प्रेस’ ही त्याहून करुण आठवण. १९७० च्या दशकात सोव्हिएत संघातून बाहेर पडण्याची परवानगी मिळालेले ज्यू स्थलांतरित या गाडीने व्हिएन्नाला येत आणि तेथून इस्रायलकडे रवाना होत. २८ सप्टेंबर १९७३ रोजी मार्शेग या सीमेवरील स्थानकात पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी गाडीतील तीन स्थलांतरितांना आणि एका ऑस्ट्रियन सीमाशुल्क अधिकाऱ्याला ओलीस धरले. ऑस्ट्रियाचे चान्सलर ब्रुनो क्रायस्की यांनी शोनाऊ येथील स्थलांतरितांचे केंद्र बंद करण्याचे मान्य केल्यावर त्यांची सुटका झाली. एक रेल्वेगाडी त्या दिवशी जागतिक राजकारणाच्या मध्यभागी येऊन उभी राहिली होती.

मॉस्को–नीस गाडी सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाली, तेव्हा शीतयुद्ध इतिहासजमा झाले असे मानले जात होते. पहिल्या महायुद्धापूर्वी रशियन उमराव हिवाळ्यात भूमध्य सागराच्या किनारी रेल्वेने जात. त्या परंपरेचे हे पुनरुज्जीवन होते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या या गाडीतील रशियन परिचारिका, डब्यातील गरम पाण्याचे समोवार आणि सिरिलिक लिपीतील पाट्या पाहण्यासाठी रेल्वेवेडे गर्दी करीत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ती थांबली. साथ ओसरली, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि गाडी पुन्हा सुरू होण्याची वाटच बंद झाली.

पैशांचे रूळ

गाड्या केवळ युद्धाने बंद पडत नाहीत. जर्मन रेल्वेने २०१६ मध्ये आपल्या शयनयान गाड्या तोट्याचे कारण देत बंद केल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातील अनेक मार्ग ‘नाइटजेट’ या नावाखाली चालवायला घेतले आणि व्हिएन्ना युरोपातील रात्रगाड्यांचे केंद्र झाले. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिएन्ना–पॅरिस रात्रगाडी पुन्हा धावू लागली, तेव्हा पर्यावरणाच्या दृष्टीने या घटनेचा मोठा गाजावाजा झाला. परंतु फ्रेंच सरकारने अर्थसाहाय्य थांबवल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नाइटजेटची ही सेवा बंद पडली.

रात्रगाडीचे अर्थकारण मुळातच अवघड असते. दिवसाच्या गाडीतील एक आसन वाटेत तीन-चार वेळा विकता येते. बर्थ रात्रभरात एकदाच विकला जातो. प्रत्येक देशात रूळ वापरण्याचे शुल्क निराळे द्यावे लागते. उलट आंतरराष्ट्रीय विमानाच्या इंधनावर युरोपात कर नाही. त्यामुळे ज्या गाडीमागे कोणते ना कोणते सरकार ठामपणे उभे आहे, तीच टिकते.

कीव्हचा डबा

आज व्हिएन्नातील रेल्वेवेड्यांना सर्वाधिक मोलाचा वाटणारा डबा युक्रेनचा आहे. २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले आणि बाहेरच्या जगाशी जोडणारा मुख्य दुवा म्हणून रेल्वेच उरली. त्या वर्षी मार्च महिन्यात हजारो निर्वासित याच स्थानकात उतरले. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यांना विनामूल्य प्रवासाची मुभा दिली होती. युद्धाच्या वर्षांतही कीव्हचे शयनयान डबे चोप व बुडापेस्टमार्गे व्हिएन्नाला येत राहिले. पूर्वी जो डबा केवळ कुतूहलाने पाहिला जाई, त्यातून आता मुलांचे हात धरलेल्या स्त्रिया उतरताना दिसू लागल्या. कॅमेरे अशा वेळी आपोआप खाली येतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये युक्रेनने चोप ते उझहोरोद हा सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग १,४३५ मिलिमीटरच्या युरोपीय मापाचा करून खुला केला. उझहोरोदहून येणाऱ्या गाडीला आता सीमेवर चाके बदलावी लागत नाहीत. देशाच्या आकारमानाच्या तुलनेत २२ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. तथापि, एखादा देश कोणत्या दिशेला तोंड करून उभा राहू पाहतो, हे त्याच्या रुळांच्या मापावरूनही कळते.

फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या वहीवाल्याला परराष्ट्र धोरणाची चिंता नसते. त्याला फक्त आकडे हवे असतात. परंतु त्याच्या वहीतून २० हा आकडा नाहीसा झाला आणि २२ चा उरला, एवढ्या नोंदीतही युरोपच्या गेल्या काही वर्षांचा सारांश आलेला आहे.