हसून झालं, पुढे काय?

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हिशेब संपतोय न संपतोय तोच एकीने मोबाईलवर टीव्हीच्या कार्यक्रमातली एका नेत्याची नक्कल लावली. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरी जिरवली हो त्याची!" शेजारच्या काकू म्हणाल्या. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "नळाला चार-चार दिवस पाणी नाही. सोमवारी नगरपालिकेत अर्ज द्यायला कोण कोण येणार?" पंधराजणींत दोन हात वर झाले.

घरी येताना मला जसपाल भट्टी आठवले.

१९८९ साली दूरदर्शनवर त्यांचा 'फ्लॉप शो' लागायचा. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. भाग जेमतेम दहा, पण आमची अख्खी चाळ टीव्हीसमोर! भट्टी मूळचे इंजिनीअर, मग चंदीगडच्या वर्तमानपत्रात व्यंगचित्रकार. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून नाव न देता 'मिसडायरेक्टेड बाय' असं लिहायचे. पडद्यावरची बायको म्हणजे त्यांची खरीखुरी पत्नी सविता. विषय आपल्या रोजच्याच जगण्यातले. कधी बंद पडलेला टेलिफोन, कधी ठेकेदार, कधी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरगड्यासारखं राबवणारे सर.

एका भागात औषधांच्या खोट्या बिलांची टर उडवली होती. बाबा सरकारी नोकरीत. ते पोट धरधरून हसत होते. आई पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या खिशातलं ते औषधांचं बिल कसलं? घरात तर कुणी आजारी नाही."

बाबांचं हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी केर काढताना आईला त्या बिलाचे तुकडे सापडले. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत.

मैत्रिणींनो, पुढाऱ्याला हसणं सोपं असतं. तो काही आपल्या घरात राहत नाही. भट्टींनी आरसा आपल्यासमोर धरला. शिवाय ते पडद्यापुरते राहिले नाहीत. २००९ मध्ये महागाईचा निषेध म्हणून चंदीगडला त्यांनी भाज्या, डाळी आणि तेलाचा स्टॉल मांडला. जत्रेतल्यासारखी रिंग टाका, नेम लागला तर भाजी तुमची! त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत 'रिसेशन पार्टी' काढून त्यांनी राजकारण्यांची खिल्ली उडवली. २०१२ मध्ये अपघातात ते गेले.

प्रेक्षकांनी मनावर घेतलं तर काय होतं, ते युक्रेनमध्ये दिसलं. २०१५ मध्ये तिथल्या एका विनोदी मालिकेत झेलेन्स्की इतिहासाचे मास्तर झाले होते. भ्रष्टाचारावर चिडून बोललेले हे मास्तर मालिकेत देशाचे अध्यक्ष होतात. २०१९ मध्ये मतदारांनी त्यांना ७३ टक्के मतं देऊन खरोखरच अध्यक्ष केलं. पुढचा कारभार कसा, हा वेगळा विषय. पण तिथलं हसू मतपेटीपर्यंत पोचलं. आपलं मात्र पुष्कळदा सोफ्यावरच विरतं. हसलो की राग निवतो, आणि आपण काहीतरी केलं असं उगाचच वाटतं.

रविवारी काकूंना मी बाबांच्या बिलाची गोष्ट सांगितली. त्या काहीच बोलल्या नाहीत. सोमवारी मात्र नगरपालिकेच्या दारात आमच्या आधी उभ्या होत्या! अर्जाची पोच मिळाली. पाणी अजून यायचंय. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.

कार्यक्रम जरूर बघा, पोटभर हसा. फक्त टीव्ही बंद केल्यावर स्वतःला एकदा विचारा, यात माझं बिल कोणतं?