रक्तातील नोंद

भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आम्ही काही मंडळी सकाळी फिरावयास निघतो. आमच्यातील एका स्थूल गृहस्थांना कोणी ना कोणी विचारतोच, "काय हो, काल पुन्हा जिलेबी वाटतं?" ते हसतात व पुढे चालू लागतात. लठ्ठ मनुष्य म्हणजे खादाड आणि आळशी, हा निवाडा आपण पुराव्यावाचूनच देऊन मोकळे होतो. त्याचा फेरविचार करावयास लावणारी एक हकीकत मुंबईत घडली आहे.

1980 च्या दशकात भारतातील कोंबड्यांत एक जीवघेणी साथ पसरली. पशुवैद्यक डॉ. एस. एम. अजिंक्य यांना मेलेल्या पक्ष्यांच्या पोटात पुष्कळ मेद आढळला. लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांना याचे नवल वाटले. कारण रोगाने प्राणी खंगावयाचा, येथे तर तो पुष्ट झाला होता! त्यांनी निरोगी कोंबड्यांना त्या साथीच्या, स्मॅम-1 नावाच्या, विषाणूची लागण करून पाहिली. त्यांचा मेद वाढला. रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र उतरले.

मग प्रश्न आला माणसाचा. विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. विषाणू गेला तरी ती मागे राहतात. कचेरीतील आवक नोंदवहीसारखेच हे आहे: पत्र आल्याचे तीवरून कळते, पुढे काय कार्यवाही झाली ते कळत नाही. मुंबईतील 52 स्थूल व्यक्तींच्या रक्ताची परीक्षा झाली. त्यांतील 10 जणांत ही नोंद सापडली. त्यांचे सरासरी वजन सुमारे 95 किलो, तर इतरांचे 80 किलो होते. कोलेस्टेरॉल मात्र त्यांचेच कमी! हे संशोधन 1997 साली प्रसिद्ध झाले.

पुढे डॉ. धुरंधर अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसात आढळणाऱ्या ॲडिनोव्हायरस-36 या विषाणूचा अभ्यास केला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या 502 जणांच्या पाहणीत स्थूलांपैकी 30 टक्के, तर इतरांपैकी 11 टक्के लोकांत त्याची प्रतिपिंडे मिळाली. परंतु नंतरच्या काही पाहण्यांत, अमेरिकेत आणि युरोपातही, असा संबंध दिसला नाही.

तेव्हा सावधपणा हवा. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. स्थूल शरीरालाच लागण लवकर होत असेल, असेही संभवते. माणसांना मुद्दाम लागण करून याचा निकाल लावणे तर नीतीला धरून होणार नाही.

म्हणून मिताहार आणि चालणे यांना रजा देण्याचे कारण नाही. रजा द्यावयाची ती जिलेबीच्या त्या प्रश्नाला. ज्याच्या रक्तातील नोंदवही आपण उघडून पाहिलेली नाही, त्याच्यावर ठपका ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?