हैदराबाद स्टेट काँग्रेसचे स्वामीजी

आपल्या दिलसुखनगरहून मलकपेठ, चादरघाट ओलांडून कोठीकडे गेलो की सुलतान बाजार लागतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तेथे तिरंगा फडकवला म्हणून निजाम सरकारने एका संन्याशाला अटक केली. ते हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठामुळे त्यांचे नाव पालकांना परिचित आहे. पक्षनेते म्हणून मात्र त्यांची ओळख कमीच करून दिली जाते.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ सालचा, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगीचा. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचे व्रत घेतले. पुढे संन्यासही घेतला. पण मठात न बसता ते हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शाळा चालवीत राहिले. राजकारणात आले ते मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून, हे आम्हा शिक्षकांना विशेष वाटते!

त्यांच्या वाट्याला आलेला पक्षही विलक्षण होता. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. सत्याग्रह झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. बंदी उठली ती थेट १९४६ मध्ये. त्यानंतर अध्यक्षपदासाठी बूर्गुल रामकृष्ण राव यांच्याशी त्यांची लढत झाली आणि स्वामीजी निसटत्या मतांनी निवडून आले. मवाळ आणि जहाल ही पक्षातली फूट पुढेही मिटली नाही. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर स्वामीजी तुरुंगातून सुटले. १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाले ते बूर्गुल. स्वामीजी त्या वर्षी गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेले, पण मंत्रिपद त्यांनी कधी घेतले नाही.

खरा पेच यानंतरचा. तेलुगू, मराठी, कन्नड अशा तीन भाषांच्या माणसांना त्यांनी एका पक्षात बांधले होते. तरीही हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह त्यांनीच धरला. पंडित नेहरूंना ही कल्पना फारशी रुचत नव्हती. स्वामीजींचे म्हणणे असे की, राज्याचा कारभार लोकांच्या भाषेत चालला नाही तर निजाम जाऊनही फार काही बदलणार नाही. आम्हाला हे पटते. मात्र त्याची किंमत या शहरातील मराठी माणसाने मोजली, हेही नोंदवले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले, आणि काल राज्यातली एक मुख्य भाषा असलेली मराठी येथे अल्पसंख्याकांची भाषा ठरली. आपल्यासारख्या शाळांवरचा भार तेव्हापासून वाढला.

औरंगाबादचे खासदार राहिलेले स्वामीजी अखेरीस हैदराबादचेच राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यांचे स्मारक बेगमपेठेत आहे.