खेप फडातच ठरते



या अंकात दरवर्षी मी लागणीची वेळ, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट अशा विषयांवर लिहीत आलो. ऊस बांधावरून हलला की आपले काम संपले, पुढचे गाडीवाला आणि कारखाना बघून घेईल, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. मी उसाचा माणूस, गाडीचा नव्हे. पण हंगामात रस्त्यावर जे घडते त्याचे मूळ पुष्कळदा फडातच असते, हे मला एका प्रसंगाने शिकवले. म्हणून यावेळी ऊस वाहतुकीविषयी चार शब्द लिहीत आहे.

ड्रायव्हरचा दिवस

ट्रक असो वा जोडी ट्रॉलीचा ट्रॅक्टर, ड्रायव्हरचा दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. सकाळी टोळी फडात शिरते, मोळ्या बांधून होईपर्यंत ऊन डोक्यावर येते, गाडी भरता भरता दिवस कलतो. टोळीतली माणसे डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढतात आणि ड्रायव्हर खाली उभा राहून कोणती बाजू चढली, कोणती बसली हे बघतो. दोर आवळून गाडी निघते तेव्हा अंधार पडलेला असतो. केनयार्डात नंबर लागतो. कधी चार तासांत गाडी काट्यावर येते, तर कधी गव्हाण बंद पडली की अख्खी रात्र आणि दुसरा दिवसही तिथेच जातो. नंबर सरकला की गाडी पुढे घ्यायची, म्हणून धड झोपही नाही. कोणी केबिनमध्ये पाय मुडपून पडतो, कोणी दोन ट्रॉल्यांच्या मधे घोंगडे टाकतो. गाडी रिकामी झाली की पुन्हा फडाची वाट.

वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ताटकळण्याचे मिळत नाहीत. मालकाच्या डोक्यावर गाडीचा हप्ता असतो, टोळीला दिलेली उचल फिटायची असते. म्हणून यार्डात गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा आणि कमी पडलेली खेप वजनात भरून काढायची, असा हिशेब सुरू होतो. 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तास काम झाल्यावर किमान अर्धा तास विश्रांती असा दंडक घातला होता. हंगामात हा दंडक पाळलेला मी तरी क्वचितच पाहिला. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात झोप माणसाला हटकून गाठते, आणि नेमक्या त्याच वेळी आपला ऊस रस्त्यावर असतो.

राहिलेले दोन टन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वयस्कर सभासदाचा फड संपत आला होता. दोन्ही ट्रॉल्या भरल्या, तरी बांधाला अंदाजे दोन टन ऊस उरला. म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, एवढ्यापायी परत गाडी कवा यायची? वाळून चिपाड होईल. घाला की ह्याच्यातच."

ड्रायव्हर मराठवाड्यातला, पंचविशीतला पोरगा. तो म्हणाला, "माझं काय नाही साहेब, वजन वाढलं तर मालक खूशच हाय. पण मागची ट्रॉली कॅनॉलच्या वळणाला डुलती."

म्हाताऱ्याचे म्हणणेही खोटे नव्हते. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके वजन आणि उतारा घटतो, हे मीच गावोगाव सांगत फिरत होतो. मी म्हणालो, "जाऊ दे, दमानं ने."

रात्री अकराच्या सुमारास कॅनॉलच्या त्याच वळणावर मागची ट्रॉली कलंडली, तिने पुढच्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर ओढला आणि ड्रायव्हरचा पाय खाली सापडला. ऊस जिथे पडला तिथे सकाळी शाळेची पोरे एस.टी.ची वाट बघत उभी असतात. रात्र होती म्हणून निभावले. तो पोरगा उरलेला हंगाम आणि त्यानंतरचा पावसाळा घरी बसून होता. आणि जे दोन टन वाचवायला गेलो, त्यांच्यासह सगळा ऊस दोन दिवस रस्त्याकडेला वाळत पडला.

त्या खेपेच्या कोणत्याही कागदावर माझी सही नव्हती. पण त्या दोन टनांना माझा होकार होता, हे मला विसरता येत नाही.

कायदा काय म्हणतो

पुढे मी कायदा समजावून घेतला. मोटार वाहन कायदा 1988 सालचा, त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली. कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आणखी. शिवाय जादा माल उतरवून घ्यायचा तो वेगळाच. भार बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तरी 20,000 रुपये दंड आहे. वजन करण्यासाठी गाडी थांबवली नाही तर 40,000. दोन टनांच्या वाहतुकीचे किती रुपये होतात, हे ज्याने त्याने बोटांवर मोजून पाहावे.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. जादा वजनाची ही शिक्षा केवळ चालवणाऱ्याला नाही. अशी गाडी चालवायला जो लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही आहे. म्हणजे कायद्यानेही खेप रस्त्यावर न मोजता फडापासून मोजली आहे.

ड्रायव्हर बंधूंसाठी

ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत अशा सभासदांनी हे आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवावे.

1. निघण्यापूर्वी गाडीला मागून एक फेरी मारा. लोंबणाऱ्या वाढ्यांनी मागचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकला जातो. बाजूला आलेली कांडी कोयत्याने छाटा. मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला तीच येते.

2. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सगळे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. चढावर भार जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात, आणि मग स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे.

3. समोरून गाडी आली की डिपर द्या. टायरगाडी दिसली तर हॉर्न दाबून बैल बुजवू नका.

4. टेपचा आवाज मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकाच ठेवा.

5. गाडी पंक्चर झाली तर शक्यतो डांबर सोडून बाजूला घ्या, मागे दिवा किंवा चमकणारा त्रिकोण ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना उचला. गाडी निघून जाते, दगड रस्त्यातच राहतात आणि पहाटे दूध घालायला निघालेला माणूस त्यावर पडतो.

6. दारू पिऊन स्टिअरिंगला हात लावू नका. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

7. यार्डात गाडीखाली किंवा दोन ट्रॉल्यांच्या मधे झोपू नका. पुढची गाडी मागे सरली तर अंधारात कोणाला दिसत नाही.

8. अपघात झालाच तर जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे. जमाव मारील या भीतीने तो पळतो, म्हणून बघणाऱ्यांनीही हात उगारू नये. मदत करणाऱ्या माणसाला 2019 च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याच्यामागे चौकशीचे झेंगट लागेल ही भीती आता नको.

आणि आपल्यासाठी

आता स्वतःकडे वळू. तोडणीच्या आधी किती दिवस पाणी तोडायचे हे ठरलेले असताना आपण ओल ठेवतो, मग गाडी रुतते आणि दुसरा ट्रॅक्टर लावून हिसके देत बाहेर काढावी लागते. तिथेच हूक आणि पिना ढिल्या होतात. पाणंदीतला खड्डा वर्षभर दिसतो, पण मुरूम टाकायचा कोणी, यावर भाऊबंदकी अडते. शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मिळाली नाही की गाडी डांबरी रस्त्यावरच उभी करून भरली जाते.

ड्रायव्हर 'एंट्री' मागतात ही सभासदांची तक्रार खरी आहे. ते गैरच आहे आणि तसे कोणी मागितले तर गट ऑफिसला कळवावे. पण एंट्री दिली, आता गाडीत मन मानेल तेवढे कोंबा, हेही तितकेच गैर आहे.

चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणारी पोरे आपलीच असतात. आपणही लहानपणी ओढला, त्याचे कौतुक घरी सांगतो. त्या वेळी ओढायचा तो बैलगाडीतून. आज मागे दुसरी ट्रॉली असते आणि पोरगा ड्रायव्हरला दिसत नाही. मुलांना ऊस खायचा असेल तर फडात नेऊन पोटभर खाऊ घाला.

राहता राहिली उरलेल्या मोळ्यांची गोष्ट. ऊस वाळतो ही चिंता रास्त आहे. मोळ्या एके ठिकाणी रचून वर पाचट झाकावे, पाणी शिंपडावे, म्हणजे घट कमी होते, आणि त्याच रात्री गट ऑफिसला निरोप द्यावा. शेजारच्या फडातून जी पुढची गाडी निघेल तिच्यात त्या घेण्याची व्यवस्था आमच्या शेतकी खात्याने करायची आहे. ती झाली नाही तर मला येऊन विचारा. मोळ्या मागे राहिल्या म्हणून रागवायचेच असेल तर माझ्यावर रागवा, पण ड्रायव्हरला भरीस घालू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी