राखणीच्या कुत्र्याचे अंथरूण: धुवावे कसे, वाळवावे कसे



पालघर-बोईसरकडे वाडीवस्तीच्या घरात एखादा कुत्रा असतोच. चिकूची वाडी, कोंबड्यांचे खुराडे, खळ्यावरचे भात, सगळ्याची राखण तोच करतो. आपणही त्याला तांदळाची भाकरी घालतो आणि मिरग लागला की पडवीत एक गोणपाट टाकून देतो. पण एकदा टाकलेले ते गोणपाट दिवाळीपर्यंत कोणी उचलत नाही. त्यावर चिखल साचतो, केस साचतात, त्याला कुबट वास येऊ लागतो. मग कुत्रा खाजवायला लागला की आपण म्हणतो, "कुत्र्याला पिसवा झाल्या." खरे म्हणजे पिसवा गोणपाटाला झालेल्या असतात. या पत्रकात आपण त्या गोणपाटाचाच विचार करणार आहोत.

पिसवा राहतात कुठे?

पिसू कुत्र्याच्या अंगावर रक्त पिते आणि तिथेच अंडी घालते. पण ती अंडी केसाला चिकटत नाहीत. कुत्रा लोळला, अंग झाडले की खाली सांडतात. जिथे तो जास्त वेळ झोपतो तिथे जास्त सांडतात. दोन ते बारा दिवसांत त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्या उजेडापासून पळतात, गोणपाटाच्या विणीत शिरतात, तिथेच कोष करतात. उबदार, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत नवी पिसू उडी मारायला तयार होते. म्हणजे अंगावर दहा दिसल्या तर अंथरुणात त्याच्या कितीतरी पट असतात, फक्त त्या आपल्याला दिसत नाहीत.

गोचिडीचीही रीत तीच. कुत्र्यावरची तांबूस गोचीड आयुष्यात तीनदाच रक्त पिते. प्रत्येक वेळी पोट भरले की खाली पडते आणि अंथरुणात, भिंतीच्या भेगेत, कुडाच्या सांदीत लपते. शेवटी मादी अशाच एखाद्या भेगेत हजारांनी अंडी घालते. मोठी गोचीड तर उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून काम का भागत नाही, ते आता लक्षात येईल.

हे फक्त कुत्र्याचे दुखणे नव्हे

कुत्र्याच्या गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो, तो खाणे सोडतो, कधी नाकातून रक्त येते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावतो. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लाच्या अंगातले रक्तच कमी होते. कुत्र्याच्या पोटात होणारा एक चपटा जंत पिसवेमार्फतच पसरतो. खेळताना पिसू तोंडात गेली तर तो लहान मुलांनाही होतो.

ओल्या, मुताने भिजलेल्या अंथरुणाचा दुसरा धोका लेप्टोचा. लावणीच्या दिवसांत आपण चिखलात उभे असतो, पायाला चिरा असतात, म्हणून हा रोग आपल्या ओळखीचा आहे. त्याचे जंतू उंदराच्या, तसेच कुत्र्याच्या आणि गुराच्या लघवीतून पडतात. ओल्यात ते टिकतात, पार कोरडे झाले की मरतात.

गुरांवरची गोचीड कुत्र्याच्या गोचिडीहून वेगळ्या जातीची असते. पण पडवी आणि गोठा एका भिंतीला असला तर एकाच दिवशी दोन्हींकडे लक्ष द्यावे. गुरांच्या एका जातीच्या गोचिडीमुळे माणसाला काँगो ताप होऊ शकतो. २०११ साली गुजरातेत अहमदाबादजवळ हा रोग भारतात पहिल्यांदा उघडकीला आला, तेव्हा रुग्णाबरोबर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातेत रुग्ण आढळल्यावर पालघर जिल्हा प्रशासनाने सावधगिरीच्या सूचना दिल्या होत्या. घाबरायचे कारण नाही, पण गोचीड नखाने चिरडायची सवय मात्र आजपासून सोडा. चिमट्याने धरून ओढा आणि साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये टाका.

अंथरूण कशाचे असावे?

जाड गादी नको, ती आपल्याकडे पावसाळ्यात वाळतच नाही. सुती कापडाच्या दोन खोळी शिवा, जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या दुपदरी चालतील. आत कोरडा भाताचा पेंढा भरा. एक खोळ वापरात, एक वाळत, असा पाळीपाळीचा हिशेब ठेवा. एकच अंथरूण असले तर ते ओलेच परत टाकायची पाळी येते, आणि सगळी मेहनत तिथे फुकट जाते.

एक गोष्ट बोईसर-तारापूरच्या मंडळींनी खास ध्यानात ठेवावी. औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग आणि औषधे यांचे कारखाने आहेत. भंगारात आलेल्या रिकाम्या गोण्या स्वस्त मिळतात, मजबूतही असतात. पण आत काय भरले होते ते आपल्याला ठाऊक नसते. कुत्रा त्यावर झोपतो, मग अंग चाटतो, आणि ते त्याच्या पोटात जाते. अशी गोणी जनावराखाली घालू नका, चुलीतही जाळू नका. कीटकनाशकाच्या आणि खताच्या पिशव्यांचेही तेच.

धुण्याची रीत

१. खोळ उचलताना अलगद गुंडाळा, पडवीत झटकू नका. गोठ्यापासून लांब, उघड्यावर न्या. तोंडाला फडके बांधून तिथे झटका.

२. आतला जुना पेंढा घरापासून दूर जाळा. पाऊस असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यात खोल पुरा, वर टाकून ठेवू नका.

३. खोळ आधी गार पाण्यात खळबळून मूत आणि रक्ताचे डाग काढा. आधीच गरम पाणी घातले तर डाग पक्का बसतो.

४. मग खरे काम गरम पाण्याचे. गोचीड गार पाण्यात बुडून मरत नाही. दोन भाग उकळते पाणी आणि एक भाग गार पाणी घेतले की हात घालवणार नाही इतके कढत होते. बादलीभर पाण्याला मूठभर धुण्याचा सोडा घाला. त्यात खोळ काठीने दाबून बुडवा आणि वर झाकण ठेवून अर्धा तास राहू द्या. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

५. पाणी निवल्यावर साबण लावून आपटा, शिवणी नीट चोळा. शिवणीतच अंडी अडकतात.

६. तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. साबण राहिला तर कुत्र्याच्या अंगाला खाज सुटते, आणि आपण समजतो पिसवा परत आल्या.

चिंचणी, तारापूर, सातपाटीकडे किनाऱ्यालगत विहिरीचे पाणी मचूळ लागते. त्यात साबणाला फेस येत नाही. शिवाय कापडात मीठ राहिले की ते हवेतला ओलावा ओढते आणि वाळलेली खोळ पुन्हा सर्द होते. म्हणून पहिली धुणी मचूळ पाण्याने झाली तरी शेवटचे पाणी गोडे घ्या. कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या नाल्यावर मात्र काहीच धुवू नका. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता, यावरून त्याचे गांभीर्य ओळखा.

वाळवण्याची रीत

धुणे म्हणजे अर्धे काम. उरलेले अर्धे वाळवण्यात आहे. हवेत निम्म्याहून कमी ओलावा असला तर पिसवेच्या अळ्या जगत नाहीत. पण पावसाळ्यात आपल्याकडची हवा तेवढी कोरडी होतच नाही. त्यामुळे तो कोरडेपणा आपल्यालाच आणावा लागतो.

उन्हाळ्यात काम सोपे. खोळ उलटी करून दुपारच्या उन्हात पत्र्यावर पसरा, दोन्ही बाजूंनी तापू द्या. पत्र्याचा चटका हेच औषध.

पावसाळ्यात असे करा. खोळ दोघांनी धरून पिळा. मग कोरड्या फडक्यात गुंडाळून त्यावर पाय द्या, बरेचसे पाणी तिथेच निघून जाईल. पडवीत वारा आरपार जातो अशा जागी दोरीवर एकेरी टाका, घडी करू नका. संध्याकाळी चुलीच्या वर, निखाऱ्यापासून दोन हात अंतर ठेवून टांगा. घरात माणूस जागे असेल तेव्हाच टांगा. गॅसची शेगडी असेल तर तिच्यावर कपडा टांगू नका, त्याऐवजी कढत इस्त्री फिरवा, शिवणीवरून दोनदा. बोईसरच्या चाळीत राहणाऱ्यांना पंख्याखाली रात्रभर टाकून सकाळी इस्त्री करता येईल.

वाळले की नाही ते कसे ओळखावे? शिवणीचा भाग चिमटीत घट्ट धरून गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे. वास घ्या, कुबट असेल तर पुन्हा वाळवा. ओल्या अंथरुणावर झोपण्यापेक्षा कुत्रा कोरड्या लाकडी पाटावर झोपलेला बरा.

जागा आणि जनावर, दोन्ही त्याच दिवशी

अंथरूण उचलले की खालची जमीन झाडा आणि केरही जाळा. भिंतीच्या, ओट्याच्या भेगांत कढत पाणी ओता. वाळल्यावर मातीने किंवा सिमेंटने बुजवा आणि सारवून घ्या. नवे अंथरूण जमिनीपासून वीतभर उंच, पाटावर किंवा बांबूच्या माच्यावर ठेवा. त्याच दिवशी कुत्र्याला बारीक फणीने विंचरा आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध लावा.

सुरुवातीला आठ दिवसांनी एकदा, असे लागोपाठ चार आठवडे करा. मधेच पिसवा दिसल्या म्हणून हात टेकू नका. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात, कोषाला औषध सहसा लागत नाही. महिनाभर पाळी चुकली नाही तर साखळी तुटते. पुढे पंधरा दिवसांनी एकदा पुरे.

एवढे मात्र करू नका

शेतात फवारायचे औषध अंथरुणावर किंवा कुत्र्यावर मारू नका. पूर्वी बीएचसी पावडर सर्रास टाकत, तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. जुना डबा माळ्यावर असेल तर वापरू नका. कुत्र्याचे गोचीडनाशक मांजराला लावू नका, त्यांतली काही औषधे मांजराचा जीव घेतात. मांजराच्या अंथरुणाला फिनेल आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. ब्लिचिंग पावडर मुताच्या कापडावर थेट टाकू नका, घुसमटवणारा वायू निघतो.

कुत्रा खात नसेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, किंवा गोठ्यातल्या वासराला गोचिड्या होऊन ताप आला असेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. माणसाला ताप आला तर आरोग्य केंद्रात जा, आणि आपल्याला गोचीड चावली किंवा आपण चिखलात काम केले, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

खर्च पाहिला तर दोन जुनी लुगडी, मूठभर सोडा आणि आठवड्यातला एक तास. मिरगाच्या आधी खोळी शिवून ठेवा. एकदा पाऊस धरला की वाळवायला ऊन मिळत नाही.