अकस्मात बंद पडणाऱ्या संगणकाची कैफियत

ऐन वैशाखातल्या दुपारी, लेखनात मन गुंतले असताना डेस्कटॉप अकस्मात बंद पडावा, आणि दुरुस्तीवाल्याने तो न उघडताच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल द्यावा, हा अनुभव मी गेल्या उन्हाळ्यात घेतला. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, एकही सुटा भाग बदलण्यापूर्वी यंत्र केव्हा आणि कोणत्या रीतीने बंद पडते याची बारकाईने नोंद ठेवावी.

उष्णता आणि वीजपुरवठा या दोहोंची लक्षणे वरकरणी सारखी भासली, तरी त्यांची चाल बहुधा निराळी असते. उष्णतेचा दोष असेल तर यंत्र काही काळ सुरळीत चालते, मग पंख्याचा आवाज चढत जातो, काम मंदावते, कारण प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच आपला वेग आपणच उतरवतो, आणि तेवढ्याने भागले नाही तरच स्वसंरक्षणार्थ यंत्र बंद होते. लगेच पुन्हा चालू केले तर ते अधिकच लवकर बंद पडते. एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या पेटीच्या, बिघाडाला एवढा धीर नसतो: बटण दाबताच पंखा अर्धा फेरा घेऊन थबकतो, किंवा ग्राफिक्स कार्डाने जास्त वीज मागताच क्षणार्धात सारे ठप्प होते.

माझ्या यंत्राची चाल पहिल्या प्रकारची होती. प्लग काढून, बाजूचा पत्रा उघडून प्रोसेसरवरचा पंखा उतरवला, तेव्हा हीटसिंकच्या पात्यांवर बसलेला धुळीचा थर नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड सुटून हातात आला. खालच्या थर्मल पेस्टची तर खडूसारखी भुकटी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. धुळीवर ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होण्याची भीती असते.

संशय एसएमपीएसवर असेल, तर १२ व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दाब मिळतो की नाही, आणि मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत काय, एवढीच खातरजमा घरी करावी. एसएमपीएसची पेटी मात्र कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात तीनशे व्होल्टच्या आसपासचा प्राणघातक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

माझे यंत्र मेजाच्या बंद कप्प्यात कोंडलेले होते. आता ते भिंतीपासून वीतभर अंतरावर उघड्यावर ठेवले आहे, आणि मदरबोर्ड जुनाच आहे.