गाडी टिकटिकतेय? खोलण्याआधी ऐका

आंब्याचा सीझन लागायच्या आत जुनी पिकअप घ्यायची, वाशीची भाडी मारायची आणि पावसाआधी दोन-चार हप्ते पुढे काढायचे, असा विचार आपल्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. विचार चांगलाच आहे. पण गाडी बघायला गेलो की आपण टायर बघतो, कागद बघतो, रंग बघतो. इंजिनचा आवाज मात्र सोबत आलेल्या मित्राच्या भरवशावर सोडतो.

मी मेकॅनिक नाही, दुकानदार आहे. पण हा आवाज मला माझ्याच पिकअपने भर एप्रिलमध्ये शिकवला. सकाळी स्टार्टर मारला की टिक-टिक-टिक. ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, टॅपिट वाजतायत, चालतंय तोवर चालू दे." मीही चालू दिलं. आठ दिवसांनी एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन खोलायला लागेल, आठवडा जाईल. सीझनमधला आठवडा म्हणजे काय, ते आंजर्ल्यात कुणाला सांगायला नको. आंबा थांबत नाही, बागायतदार दुसरी गाडी बघतो, आणि एकदा तुटलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येईलच असं नाही.

शेवटी दापोलीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी पाना हातातही घेतला नाही. म्हणाले, "आज राहू दे इथेच. उद्या थंड असताना ऐकू."

सकाळी स्टार्ट केली, टिकटिक जोरात. दहा-पंधरा मिनिटांत कमी झाली. काकांनी टॉर्च मारून एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जॉइंट दाखवला. एका ठिकाणी काजळीचा काळा पट्टा, आणि तिथला स्टड तुटलेला. थंड असताना फटीतून धूर फुटतो आणि टिक वाजते. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज उतरतो. आपली हवा खारी, त्यात हर्णैची मासळी वाहिली तर खारं पाणी ठिबकतं. नट-बोल्ट गंजणारच. स्टड आणि गॅस्केटचं काम झालं, संध्याकाळी गाडी घरी. टॅपिटचा काही संबंध नव्हता.

ड्रायव्हर खोटं बोलला असं नाही, फसला. इंजिनची कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि एक्झॉस्टची फट, दोन्ही त्याच तालात वाजतात. ताल ऐकून उत्तर मिळत नाही, जागा शोधायला लागते.

सगळ्यात आधी ऑइल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, थोडा वेळ थांबून डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर टॅपिटना पोचत नाही आणि ते वाजतात. आवाजासोबत ऑइलचा लाल दिवा लागला तर गॅरेजपर्यंतही चालवू नका, तिथेच बंद करा. टोचन करून न्या, टोचनचे पैसे इंजिनपेक्षा कमीच असतात.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर. मूठ कानाजवळ, टोक टॅपिट कव्हरवर, मग एकेका इंजेक्टरच्या बाजूला. पंखा आणि बेल्टपासून हात लांब, गळ्यात उपरणं-मफलर नको. एक्झॉस्टसाठी रबरी नळी बरी: एक टोक कानाशी, दुसरं जॉइंटजवळून फिरवा, गरम भागाला टेकवू नका. कॉमन रेल गाडीत इंजेक्टरची बारीक टिकटिक असतेच, तो बिघाड नाही. एकच वेगळा वाजत असेल तर मात्र दाखवा. आणि चालू इंजिनवर त्याचा पाइप सैल करून बघायचा जुना उपाय या गाडीवर करू नका. आत हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं.

टॅपिटच निघाले तर फिलर गेज लावून, कंपनीने दिलेल्या मापाने सेट करून घ्या. "आवाज पूर्ण बंद करून दे" म्हणून मागे लागू नका. गॅप फार कमी झाला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक त्यापेक्षा परवडली.

आणि टिकटिक नसून खालून जड ठक-ठक येत असेल, चढाला लोडवर वाढत असेल, तर बेअरिंगचा संशय घ्या. विकत घेताना असा आवाज ऐकलात तर चहा प्या आणि परत या.

घ्यायला जाताना मालकाला आदल्या दिवशी फोन करा: "दादा, मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "उद्या सकाळी येतो" म्हणून निघा. पहिला स्टार्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग गरम झाल्यावर, मग चढावर.

गॅरेजवाला "खोलायला लागेल" म्हणाला की विचारा, आवाज नक्की कुठून येतोय, मला दाखवा. हप्ता १५,००० असेल तर गाडी उभी राहिली तरी दिवसाला ५०० जातातच, बुडालेलं भाडं वेगळं. माझी तर एक रात्रच उभी राहिली. तो तुटका स्टड अजून गल्ल्याशेजारच्या डब्यात आहे, दुकानात आलात तर दाखवतो.